मॅडम येणार म्हणून तलाव साफ केला

आधी तो चहा गिळून घ्या, मग ऐका. मागच्या वेळी हे सांगत होतो तर आमच्या साडूभाऊंना असा ठसका लागला की त्यांची पाठ मलाच चोळत बसावी लागली.

तुम्हाला माहीत आहे, मी तीस वर्षं ग्रामसेवक होतो. त्या नोकरीत माणूस एकच विद्या पक्की शिकतो. साहेब येणार म्हटलं की काय करायचं? रस्त्याकडेच्या दगडांना चुना. झाडांच्या बुंध्यांना चुना, वर गेरूचा पट्टा. हातपंपाजवळचा चिखल उचलून मागच्या गल्लीत. साहेब पाच मिनिटं थांबतो, चुना पाहतो आणि खूश होऊन जातो. गावात पाणी येतं का, हे काही तो विचारत नाही. चुना ओला तर नाही ना एवढंच बघतो, पँटला लागू नये म्हणून.

रिटायर झालो आणि करडी गावाजवळच्या आमच्या खेड्यात येऊन बसलो. पण नुसतं बसवेना. गावात बायकांची मच्छीमार संस्था आहे, तिचा मी सल्लागार झालो. कोणी केलं म्हणता? मीच केलं.

संस्थेच्या अध्यक्ष शांताबाई. शाळा चौथीपर्यंत, पण तलावात कुठं किती पाणी आहे ते डोळे मिटून सांगतील. त्यांनी मुंबईच्या एका कंपनीकडे अर्ज केला होता. या कंपनीचं काम मोठं नवलाचं. दूर समुद्रातल्या बेटांवर जे लोक प्रवाळ सांभाळून धंदा करतात, कोणी मासेमारी, कोणी पाहुण्यांसाठी खोल्या, त्यांच्या धंद्यात ही कंपनी पैसा घालते. प्रवाळही वाचला पाहिजे आणि पैसाही परत आला पाहिजे. आता त्यांना गोड्या पाण्यातही उतरायचं होतं. शांताबाईंना हवं होतं देशी माशांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, तयार करायचं केंद्र, आमच्याच तलावाच्या काठावर. ते झालं असतं तर बायकांना बाराही महिने काम मिळालं असतं. फक्त त्याआधी कंपनीच्या मॅडम स्वतः तलाव पाहणार होत्या.

अर्जाची एक प्रत माझ्याकडेही आली होती. आता सल्लागार कधी अर्ज वाचतो का? मी कंपनीचा व्हिडिओ पाहिला. निळंशार पाणी, आरपार दिसणारा तळ, पांढरी वाळू. मग जाऊन आपला तलाव पाहिला. काठाला गवत, पाण्यात गवत, मधल्या टेकाडाभोवती गवत. तळ तर सोडाच, पाणीच धड दिसत नव्हतं. तिथंच माझ्यातला ग्रामसेवक जागा झाला.

शांताबाई तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी शहापूरला गेल्या होत्या. मी आठ माणसं लावली. चार दिवसांत पाण्यातलं गवत मुळासकट उपटून काठावर ढीग घातला. टेकाडावर ट्रॉलीभर पांढरी वाळू टाकली. पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, दगडांना चुना मारला आणि ‘सुस्वागतम्’चा बोर्ड लावला. हे सगळं माझ्या पेन्शनमधून, बरं का.

संस्थेतल्या दोघीतिघी येऊन म्हणाल्या, “भाऊ, शांताबाईले एक फोन तं लावा जी.”

त्यांना पुढं बोलू न देता मी म्हटलं, “कायले? तिकडं लेकीचं पाहून राहिली बिचारी. येईन तं चकित होईन.”

आणि झाल्या. मॅडम नागपूरहून येताना हायवेवर शहापुरात थांबल्या आणि शांताबाईंना गाडीत घेऊनच आल्या. शांताबाई पाळीवर चढल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

“गवत कोठं गेलं जी?”

“साफ केलं,” मी म्हटलं. “पाहा ना, कसा चकाचक दिसून राहिला.”

“काहून?”

“मॅडम येऊन राहिल्या म्हणून.”

मॅडमनी आधी तलावाकडे पाहिलं, मग हातातल्या अर्जाकडे, मग माझ्याकडे. “आम्ही ते गवत पाहायलाच आलो होतो,” त्या म्हणाल्या. “बेटांवर माशांची पिल्लं प्रवाळाच्या आडोशाला वाढतात. तुमच्या तलावात तेच काम हे गवत करतं. या बायकांनी तीन वर्षं छातीभर पाण्यात उभं राहून एकेक रोप लावलंय. अर्जाच्या पहिल्याच पानावर आहे ते.”

पहिलं पान म्हटल्यावर मला घाम फुटला. तरी जित्याची खोड कुठं जाते? मी विचारलं, “पण वाळू तरी चालन ना जी?”

“ते वाळू तुमच्या आंगणात नेऊन टाका,” शांताबाई म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काठावरच्या ढिगातला एक गुंता उचलून उलटा केला. त्यात मरळीची बोटभर पिल्लं वाळून चिकटली होती. मी मान खाली घातली. तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मॅडमनी स्पष्ट सांगितलं, यंदा पैसा मिळणार नाही. पुढच्या वर्षी येऊ, तोवर गवत परत आलं असेल तर बोलू. ढिगाच्या तळाशी काही मुळं अजून ओली होती. बायका त्याच दुपारी पदर खोचून पाण्यात उतरल्या. मीही धोतर खोचून उतरलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी हाकलूनही दिलं नाही.

संध्याकाळी मॅडमनी फॉर्म काढला. पुढच्या वर्षासाठी आजच भरून हवा होता. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहायला मलाच बसवलं. एक रकाना होता ‘धोके’. मॅडम म्हणाल्या, “बेटांवाले इथं लिहितात, समुद्र तापतो, वादळं येतात, जहाजांचे नांगर पडून प्रवाळ फुटतो. तुमच्या तलावाला कशाचा धोका आहे?”

शांताबाईंनी जरासाही विचार केला नाही. “लिहा,” त्या मला म्हणाल्या, “रिकामा बसलेला शिकलेला माणूस.”

मी लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहिलं.

मॅडमनी वाचलं. “असं मोघम चालत नाही हो. आमच्याकडे धोका नेमका लिहावा लागतो.”

मग मी कंसात स्वतःचं नाव लिहिलं. शांताबाई वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, “बापाचंबी नाव लिहा जी. याच नावाचे गावात दुसरे एक हायेत, अन् ते भले माणूस हायेत.”