पत्र्याचं घर

सातपूरच्या एका कारखान्यात मी ट्रेसर होते. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग दिवसभर शाईने गिरवायची. तैलरंग शिकावेत असं तिशी उलटल्यावर मनात आलं. आमच्या कॉलनीत चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "शिकवीन, पण घरात बसून नाही. आणि माझे गुडघे गेलेत, न्यावं-आणावं तुलाच लागेल."

मग सुट्टीच्या दिवशी सर माझ्या स्कूटरवर मागे, मांडीवर रंगांची पेटी, आणि आम्ही त्र्यंबकच्या रस्त्याला. पहिले काही महिने मी नुसती डोंगराची चित्रं बिघडवत होते. ओल्या रंगावर घाईने दुसरा रंग चढवायचे आणि सगळ्याचा चिखल व्हायचा. सर रागवत नसत. "वाळू दे," एवढंच म्हणायचे.

दिवाळीच्या सुमारास एका उतारावर भात पिकून पिवळं झालं होतं. मागे डोंगर, वर आभाळ. मध्येच एक पत्र्याचं घर होतं, ते उन्हात इतकं चकाकायचं की डोळ्यांना बोचायचं. मी ते चित्रातून गाळलं आणि तिथे एक झाड काढलं. चित्र छान जमलं असं मला वाटत होतं.

तेवढ्यात भात कापणारी एक बाई पाणी प्यायला बांधावर आली. माझ्याच वयाची. कितीतरी वेळ चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, शेत आमचंच हाय. पण घर कुठं गेलं?"

"पत्रा फार चमकतो," मी कसंबसं म्हणाले.

"नवा हाय ना. चार वर्सं निफाडला द्राक्षाच्या बागेत कामाला गेलो, तवा पत्रे आले. आधी गवताचं होतं, लय गळायचं." ती हे सहज सांगत होती, तक्रार म्हणून नाही. विळा उचलून ती परत शेतात गेली.

सरांनी पेटीतली सुरी काढून माझ्या हातात दिली. मी झाड खरवडलं. नंतर पत्र्यासाठी पांढऱ्यात काळा मिसळायला लागले, तसा त्यांनी माझा हात धरला. "पत्र्याला स्वतःचा रंग नसतो गं. त्याच्यावर काय पडलंय ते बघ."

मी बघितलं. वरच्या अंगाला आभाळाचा निळा होता, खाली पिवळा, आणि कडेला अंगणातल्या मातीचा तांबूस. इतके महिने शिकून त्या दिवशी पहिल्यांदा मी खरंच काहीतरी बघितलं.

चित्र वाळल्यावर मी ते त्या बाईला द्यायला गेले, तर घराला कडी होती. सगळे बागांच्या कामावर गेलेले. शिमग्याला परत येतात असं शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं. शिमग्यानंतर मी पुन्हा गेले. त्या दिवशी सरांचे गुडघे फार दुखत होते, म्हणून एकटीच.

त्या बाईने नवऱ्याला हाक मारली. दोघांनी चित्र दारातल्या उजेडात धरलं. तो जरा संकोचून म्हणाला, "बरोबर हाय. फक्त पत्र्यावर आम्ही दगड ठेवलेत, वाऱ्यानं उडू नये म्हणून. ते नाय दिसत."

"असू द्या हो," ती त्याला म्हणाली.

पण रंगांची पेटी नेहमीसारखी स्कूटरवरच होती. मी अंगणात बसले आणि एकेक दगड मोजून चित्रात काढला, सात होते. तो शेजारी उकिडवा बसून कुठला कुठे आहे ते बोटाने दाखवत होता. आतून कोऱ्या चहाचा वास येत होता.

"ओलं आहे, आठ-दहा दिवस हात लावू नका," मी म्हटलं.

तिने चित्र दोन्ही हातांनी कडेला धरून आत नेलं, धान्याच्या कणगीवर टेकवलं, आणि कोंबड्यांना घराबाहेर हाकललं.