ब्लॉकचं शेवटचं बोरिंग

माझ्या गाडीच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आता एकच बोरिंग करण्याइतकं लोखंड उरलं होतं. सिलिंडरची भोकं एकदा वीस थाऊंनी मोठी करून झाली होती. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मशीनवर काम करणारे सगळे थाऊमध्येच बोलतात. आणखी वीस थाऊ कापले की संपलं. त्यापुढे भिंत इतकी पातळ होते की टर्बोचा दाब तिला सोसत नाही. ट्रकच्या ब्लॉकमध्ये आपण स्लीव, म्हणजे आतून नवी नळी, ठोकतो आणि चालवतो. या इंजिनात मला ते करायचं नव्हतं.

गाडी जपानी, दोन दरवाजांची. मांद्र्याच्या किनाऱ्यावर माझ्या भाड्याच्या खोल्यांत सीझनभर राहिलेला एक मुंबईकर ती विकून गेला. तो सकाळी जी किंमत बोलला होता तिच्या अर्ध्याहून थोडं वर मी दुपारी ती घेतली. मी असाच आहे. डिचोलीजवळ सर्वणला जन्मलो, खाणीच्या टिपरवर क्लीनर होतो, मग ड्रायव्हर, मग तीन टिपरांचा मालक. कोणी हात धरून वर काढलं नाही. टायर असो, डिझेल असो, खोल्यांचे पत्रे असोत, समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा मी आयुष्यात कधी मान्य केला नाही. खाणी बंद पडल्या तेव्हा बरोबरीचे लोक टिपर दारात गंजवत बसले. मी भंगारात घालवले, पण तिथंही भांडून. हातात राहिलेलं एकमेव मशीन म्हणजे ही गाडी.

पहिलं बोरिंग डिचोलीच्या बाहेर मेस्त नावाच्या मशीनवाल्याकडे केलं होतं. मेस्त मूळचा दोडामार्गकडचा. खाणीच्या दिवसांत तालुक्यातल्या निम्म्या टिपरांचे ब्लॉक त्याच्या मशीनवर चढलेले. त्याच्या शेडच्या भिंती अजून कंबरेपर्यंत लाल आहेत. ती खाणीची धूळ धुऊन जात नाही. मी गेलो तेव्हा खाणी बंद होऊन बराच काळ लोटला होता आणि मशीनवर प्लास्टिक घातलेलं होतं. तो मला ओळखत नव्हता. ब्लॉक बघितला, मी मागवलेले फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, पिस्टन हातात घेऊन वजन करावं तसे जोखले आणि म्हणाला, पिस्टन आणि भिंतीमध्ये चार थाऊ जागा ठेवायची. हे पिस्टन तापले की साध्या पिस्टनपेक्षा जास्त फुगतात.

पिस्टनच्या खोक्यातल्या कागदावर अडीच छापलेलं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत, टर्बो असेल तर जास्त ठेवा, असंही होतं. ते मी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. मी कागद त्याच्या नाकासमोर धरला. बनवणारा अडीच म्हणतो, तुम्ही चार कुठून आणले? तो पुन्हा चार म्हणाला. मी आवाज चढवला. शेवटी मी नेहमीचा डाव टाकला: तुमचे चार, कागदाचे अडीच, तीन धरा आणि विषय संपवा. मग त्यानं मशीनवरचं प्लास्टिक काढलं.

मे महिन्यात चोर्ला घाटात, वरच्या वळणांवर, इंजिन एकदम जड झालं आणि जागीच थांबलं. तिसरा पिस्टन तापून भिंतीला चिकटला होता. उघडलं तेव्हा भिंतीवर नख अडकेल असे ओरखडे.

त्यानंतर तीन वर्षं मी डिचोलीपासून वाळपईपर्यंत, जिथं जिथं ट्रकवाले चहाला उभे राहतात तिथं, सांगत फिरलो की मेस्तानं माझं इंजिन मारलं. तीन थाऊंची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. सांगायची गरजच वाटली नाही. मशीन त्याचं, हात त्याचा, मग दोष कोणाचा? नंतर कळलं की त्याच्याकडे उरलेसुरले येणारे चार लोकही म्हापशाला जायला लागले. ऐकून मला वाईट वाटलं नाही.

या वर्षी पावसाळ्यात मांद्र्याच्या खोल्या रिकाम्या होत्या. मी एका वहीत इंजिनाचा बेत मांडायला बसलो. यावेळी ताकद नको, टिकायला हवं. टर्बोचा दाब खाली ठेवायचा. तेलाचा पंप नवा, बेअरिंग नवी, क्रँकला तडा नाही ना ते बघून घ्यायचं. हेडला बोल्टऐवजी स्टड, गॅस्केट पत्र्याचं. तेल थंड करणारा वेगळा कूलर, रेडिएटर मोठा. हे सगळं मला घासाघीस करून कुठूनही मिळणार होतं. चाळीस थाऊ मोठे पिस्टनही आले. वहीत एकच ओळ रिकामी राहिली: बोरिंग कोण करणार.

कोल्हापूरला दोन ठिकाणी विचारलं. एक म्हणाला, शेवटचं माप आहे, जबाबदारी घेत नाही. दुसरा म्हणाला, ब्लॉक ठेवून जा, आठ दिवसांनी या. मी ब्लॉक कुणाकडे ठेवून जाणाऱ्यातला नाही. महिनाभर वहीतली ती ओळ बघत राहिलो. मग एका सकाळी ब्लॉक भाड्याच्या पिकअपमध्ये घातला आणि डिचोलीचा रस्ता धरला. वाटेत स्वतःला दहा वेळा बजावलं: मेस्त जो आकडा सांगेल त्यावर तोंड उघडायचं नाही.

तो शेडच्या दारात स्टुलावर बसला होता. माझा आवाज ऐकल्यावर मान वळवली.

"ये शेट," तो म्हणाला. "तीन वर्सां लागली घाट उतराक?"

मी ब्लॉक उतरवला, बाकावर ठेवला. काय काय बेत केला आहे ते सांगितलं, आणि हे शेवटचं लोखंड आहे हेही सांगितलं. तो बोटांनी तिसऱ्या सिलिंडरचे ओरखडे चाचपत ऐकत होता. पिस्टन घेतला, फिरवला, खाली ठेवला.

"पाच ठेवया," तो म्हणाला.

मागच्या वेळी चार होते. माझ्या तोंडाशी आलंच होतं. हे पिस्टन वेगळे असतील, घाटात झालं त्यावरून तो शिकला असेल, असं मनात म्हणून मी म्हटलं, "पाच तर पाच."

तो हलला नाही. पिस्टन कपड्यात पुसला, परत पुसला. माझ्याकडे तोंड करून बसून राहिला. बाहेरून एक बस गेली.

"आणि काय बोलणस नाय?"

"बोलायचं काय? तुम्ही सांगाल ते."

त्यानं सुस्कारा सोडला. "मग चार ठेवया. पाचात पिस्टन आत नाचतलो. तू एक तरी कमी करतलस, म्हणान मी पाच सांगलंय."

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, माझं शेवटचं लोखंड आहे ते, पाचावर मशीन लावलं असतं तर? तो शांतपणे म्हणाला की मशीन लावणार नव्हताच. मी कधी भांडायला लागतो याची वाट बघत बसला होता.

तीन वर्षं पोटात असलेलं तेव्हा बाहेर आलं. "मग त्या वेळी का नाही म्हणालात? तीनावर करत नाही, उचल ब्लॉक, असं सांगायचं होतं. तुमचं काम होतं ते."

"सांगलंय असतंय तर तू ब्लॉक उचलून न्हेलं असतस," तो म्हणाला. "म्हयनोभर मशीनीक काम नव्हता."

ते ऐकूनही माझा राग गेला नाही. मला आजही वाटतं की त्यानं नाही म्हणायला हवं होतं. तोटा माझा झाला. पण शेडच्या त्या लाल भिंतीला टेकून उभा असताना एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला अजून सोडत नाही. या माणसानं मला खरा आकडा एकदाच सांगितला होता, माझी ओळख नव्हती तेव्हा. ओळख झाल्यावर तोही इतरांसारखाच वागला. माझ्या बायकोला माहेरी आठ दिवस जायचं असेल तर ती पंधरा दिवस म्हणते. मी आठांवर आणतो आणि जिंकल्यासारखा जेवायला बसतो. मांद्र्याचे मासे विकणारे रापणकार, गवंडी, सगळे मला आधीच एक वर सांगतात. मला मिळालेली सूट त्यांनी घरूनच मोजून आणलेली असते. किती वर्षं हे चाललंय, कुणाला विचारणार? जो सांगेल तोही एक वरच सांगेल.

त्या दिवशी बोरिंग झालं. भिंतींची शेवटची घासणी दुसऱ्या दिवशी पहाटे करायची होती, कारण शेडचे पत्रे तापले की लोखंड वाढतं आणि माप खोटं पडतं. मी उजाडायला पोचलो. मेस्तानं पिस्टनच्या मापावर भोक मोजायच्या गेजचा काटा शून्यावर आणला, म्हणजे पुढे काटा दाखवेल ती दोघांमधली जागा. त्यासाठी डोळा भिंगाला इतका टेकवला की पापणी काचेला लागली. मग गेज पहिल्या सिलिंडरमध्ये उतरवला आणि तबकडी माझ्याकडे फिरवली.

"हयसर वाकून माका काटो दिसणा नाय. तू वाच." वर म्हणाला, "आसा ता वाच. तुका व्हया ता नको."

मी वाचलं. तीन. त्यानं आणखी घासलं, थंड होऊ दिलं, पुन्हा गेज. साडेतीन. पुन्हा. जास्त घासलं गेलं तर लोखंड परत येत नाही, आणि कुठं थांबायचं ते माझ्या तोंडून ठरणार होतं. काटा दोन रेघांच्या मध्ये असेल तर मी तसं सांगत होतो, चलाखी न करता. इतक्या सावकाश मी आयुष्यात कधी आकडा बोललो नाही.

"चार," मी म्हणालो.

त्यानं गेज बाजूला ठेवला. खिशातून चार थाऊंची पोलादी पट्टी काढली, पिस्टनसोबत भिंतीला लावून आत सोडली आणि डोळे मिटून दोन बोटांनी वर ओढली. पट्टी किंचित अडत आली. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या सिलिंडरकडे वळला. तिथंही मी वाचलं, तिथंही त्यानं पट्टी ओढून बघितली. तिसऱ्यालाही.

उन्हं दारापर्यंत आली होती. चौथ्या सिलिंडरचा काटा चारवर स्थिर झाला, अगदी रेघेवर. मी आकडा सांगितला. आतापर्यंतचे तिन्ही बरोबर निघाले होते, तेव्हा या एकाला तरी तो माझ्या शब्दावर थांबेल असं मला वाटलं. तो थोडा थांबलाही. मग त्यानं कपड्याला हात पुसले आणि पट्टी घेतली.