युसूफ आणि न चालणारी नाणी

युसूफ गेला हे कळलं तेव्हा आधी मला त्याचा रागच आला. आदल्या दिवशीच त्यानं मला शब्द दिला होता, की आता बस, दहाची नाणी घेणं बंद. इतकी वर्षं माझी जीभ झिजली तेव्हा कुठं गडी वळला होता. आणि सकाळी शाहिदाभाभींचा फोन आला, "वामनभाऊ, हे उठूनच नाही राह्यले..." मयतीला जमलेल्यांत कुणीतरी सांगितलं, की शब्द दिल्यावर त्याच संध्याकाळी त्यानं एका म्हातारीकडून मूठभर नाणी घेतली होती. म्हणजे जातानासुद्धा मला फसवूनच गेला.

कारंजात त्याचं किराणा दुकान, आणि मी एसटीत कंडक्टर. ड्यूटी संपली की माझ्याकडची चिल्लर तो नोटा देऊन न्यायचा, त्यातून आमची दोस्ती झाली. चिल्लर हा त्याचा जीव. एकदा त्यानं पेपरात वाचलं, की रुपयाचं नाणं पाडायला सरकारला रुपयाहून जास्त खर्च येतो. दुसरा माणूस हसून पान उलटतो. हा थेट माझ्या घरी आला. "वामन, रुपया बनवायले रुपयाच्या वर लागते. असा धंदा मी केला तर लोकं मले येड्यात काढतीन." मी समजावलं, की नोट मळते, फाटते, पण नाणं वर्षानुवर्षं या हातातून त्या हातात फिरतं, त्यात त्याचा खर्च निघतो. त्यानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे बसलेलं नाणं नुकसानीचं. त्याले फिरतं ठेवाव लागते." झालं. दुसऱ्या दिवशी गल्ल्याजवळची गोळ्यांची बरणी गेली. सुट्ट्याच्या बदल्यात गोळी देणं म्हणजे त्याच्या लेखी गुन्हा ठरला. गिऱ्हाइकं वैतागली, पण ह्याला कोण सांगणार.

पुढं दहाच्या नाण्याची अफवा उठली. कुणी म्हणे नकली आहे, कुणी म्हणे आपल्याकडं चालत नाही. बँकवाले घसा फोडून सांगत होते की चालतं, पण बाजारानं एकदा नाही म्हटलं की नाही. चहावाला घेईना, जीपवाला घेईना. युसूफ मात्र घ्यायचा, नुसती नाणी आणली तरी बदल्यात नोट द्यायचा. मग काय, आयत्या बिळावर नागोबा! अख्ख्या गावानं आपली नाणी त्याच्या दुकानात आणून ओतली. ठोक व्यापारी ती घेत नव्हते, त्यामुळं माल भरायला पैसा उरेना. फळ्या रिकाम्या पडू लागल्या. भाभी एकदा माझ्यादेखत कडाडल्या, "दुकानात साखर नाही अन् पलंगाखाली पैसा सडून राह्यला." नाणं फिरलं पाहिजे म्हणणाऱ्याच्याच घरात येऊन गावातलं प्रत्येक नाणं बसत होतं. हे त्याला दिसत नव्हतं असं नाही.

एका यात्रेला तो पिशव्या घेऊन पोहरादेवीला गेला. दानपेटीत टाकायला लोकांना चिल्लर लागते, हा त्याचा हिशेब. खरंच सगळी नाणी खपली. नोटा घेऊन आला तेव्हा स्वारी हवेत होती. पण यात्रेहून परतलेल्या लोकांच्या खिशात उरलेली नाणी कुठं गेली असतील? त्याच्याच दुकानात! मी कपाळावर हात मारून घेतला.

"तू घेतोस म्हणून बाकीचे घेत नाहीत," मी त्याला शंभरदा सांगितलं.

"अन् मी नाही घेतलं तर? कामरगावची बाई जीपवाल्याले काय देईन? तिले पायी घरी पाठवू?"

यावर मला आणखीच राग यायचा.

तो गेल्यावर भाभींनी आणि मी हेलपाटे घालून सगळी नाणी बँकेत भरली. दुकानात माल आला. आता भाभी बसतात, आणि दहाचं नाणं पुढं आलं की हात जोडतात.

परवा बाजारात वांगी घेत होतो. माझ्यापुढच्या माणसानं दहाचं नाणं दिलं. भाजीवालीनं सवयीनं युसूफच्या गल्लीकडं बोट केलं, आणि ते तसंच राहिलं. मग नाणं उलटंसुलटं पाहून तिनं मुकाट्यानं गोणपाटाखाली सारलं. मी म्हटलं, "काहो बाई, आता चालते का?"

"चालवाव लागते ना, भाऊ. युसूफभाई होते तोवर नाही म्हनता येत होतं. आता त्या मान्साले कोनाकडं धाडू?"

इतकी वर्षं मी बरोबर होतो. पण हे त्याला कळलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा कुणाची तरी मूठभर नाणी घेतलीच असती... आणि मी पुन्हा भांडलो असतो.