परण्याची गाडी

आमच्या नेकनुरात मकसूदभाईंना दोन वर्षं लोक ढकल्या मिस्त्री म्हणत होते, आणि त्याला कारण मी. हे आधीच कबूल करते, कारण पुढं मी बऱ्याच जणांवर तोंड सोडणार आहे.

माझं नाव मंगल. माझ्याकडे चौसष्ट सालची अँबॅसिडर आहे, सायीच्या रंगाची. आधीच्या मालकानं तिला डिझेल इंजिन बसवलेलं. लग्नकार्यात मी ती भाड्यानं देते आणि चालवतेही मीच. बाई गाडी चालवते म्हणून ज्यांच्या पोटात दुखतं त्यांनी ओवा खावा.

मकसूदभाईंचं गॅरेज केजच्या रस्त्याला, लिंबाखाली पत्र्याची शेड. बासष्टीचा माणूस, काटक, कानावर कायम खडूचा तुकडा. हाताला काळं लागल्याशिवाय ह्यांना जेवण गोड लागत नाही, असं त्यांची बायको जाहेदा म्हणते. बोलणं कमी. पण बोनेट उघडलं की चेहरा असा खुलतो, जणू आत पाहुणे बसलेत.

माझी तक्रार एकच होती. बीडच्या रस्त्याला लागलं की माझी गाडी पन्नासच्या वर नुसती ओरडायची. मागून येणारी पोरं हॉर्न मारून पुढं जायची, आणि मला ते सहन व्हायचं नाही. मी मकसूदभाईंच्या डोक्याशी भुणभुण लावली की मला वेग पाहिजे. त्यांनी मागच्या चाकांमधला डिफरन्शिअल उघडला. आतल्या लहान चक्राला आठ दाते, मोठ्याला एकोणचाळीस. ही जोडी काढून त्यांनी अकरा आणि त्रेचाळीस दात्यांची बसवली. गाडी वाऱ्यासारखी पळायला लागली. मी आठ दिवस विनाकारण बीडला जाऊन आले.

मग गावातल्या विठ्ठलरावांच्या थोरल्याचं, तानाजीचं लग्न आलं. आमच्याकडे लग्न लागायच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. पुढं हलगी, तिच्यापुढं नाचणारे, आणि मागं नवरदेव. नवरदेव माझ्या गाडीत. आता हलगीच्या मागं गाडी पळत नाही, ती मुंगीच्या पावलानं सरकते. माझी वेगवान गाडी पहिल्या गिअरमध्येसुद्धा हलगीवाल्यांच्या टाचांवर चढायला बघायची. मी क्लच दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. वेशीच्या चढावर आलो तोवर क्लच जळला. धुराचा लोट, घाण वास, आणि गाडी जागच्या जागी. शेवटी वऱ्हाडानं नवरदेवासकट गाडी मारुतीपर्यंत ढकलत नेली. त्याचे व्हिडिओ पार आष्टी, कड्यापर्यंत गेले. नवरदेव तानाजी स्वतःच संध्याकाळी म्हणाला की गाडी ढकल्या मिस्त्रीची आहे, आणि नाव चिकटलं.

वेग मागितला मी, क्लच जाळला मी, आणि नाव पडलं त्यांचं. मी चारचौघांत हे सांगितलं, पण लोकांना खरं नको असतं, गंमत पाहिजे असते. मकसूदभाईंनी शेडवरची नावाची पाटी उतरवली. गिऱ्हाईक यायचं, पण येताना तोंड दाबून हसायचं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर ते स्वतः माझ्या दारात आले. चहासुद्धा घेतला नाही.

"मंगलताई, किती पळायचं ते तुमी सांगितलं. किती हळू चालायचं ते मी इचारलंच न्हाई. चूक माजी हाय."

त्यानंतर हा माणूस हातात घड्याळ आणि टेप घेऊन दुसऱ्यांच्या परण्यात हिंडायला लागला. आज नेकनुरात, उद्या लिंबागणेशला. विजेच्या दोन खांबांमधलं अंतर मोजायचं, आणि हलगी ते किती वेळात पार करते ते बघायचं. लिंबागणेशला वधूच्या मामाला वाटलं, हे नवरदेवाकडचे कुणी मानकरी असावेत. त्यानं मांडवात बसवून टॉवेल-टोपी दिली. ती टोपी घालूनच मकसूदभाई माझ्याकडे आले, मला आकडा सांगायला. हलगीमागचं माणूस मिनिटाला एकशे सत्तर फूट चालतं. माझी गाडी क्लचला न छळता तीनशेच्या खाली येतच नव्हती.

मी म्हटलं, मग जुनीच जोडी परत बसवा. ते हसले. नुसती ती बसवली तर गाडी हळू चालेल, पण हमरस्त्यावर पुन्हा ओरडेल. पुढचा गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल, दोघांचं एकमेकांशी जमायला पाहिजे. ते तीन महिने भंगारवाल्यांकडे फिरले. शेवटी बीडला एका मालवाहू टेम्पोचा पाच गिअरचा बॉक्स मिळाला. पहिला गिअर ओझं ओढणारा, एकदम हळू. पाचवा मोकळा पळणारा. जुनी आठ-एकोणचाळीसची जोडी तर त्यांनी ग्रीस लावून फडक्यात जपून ठेवलेली होतीच.

सगळं बसवून झालं त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मागची दोन्ही चाकं जॅकवर अधांतरी, चाकावर खडूची रेघ, इंजिनच्या पुढच्या पुलीवर दुसरी रेघ. गाडी पहिल्या गिअरमध्ये. ते पान्यानं इंजिन हातानं फिरवणार आणि मी मागं बसून चाकावर लक्ष ठेवणार. पूर्वी इंजिनाच्या चौदा फेऱ्यांत चाकाचा एक फेरा व्हायचा; इंजिनाचे जितके फेरे जास्त, तितकी गाडीची चाल हळू. चौदा झाले तेव्हा रेघ जेमतेम अर्ध्याच्या पुढं गेली होती. वीस. बावीस. त्यांनी चोवीस म्हटलं आणि रेघ बरोबर जिथून निघाली तिथं आली. मी ओरडलेच. जाहेदा भाजी टाकून पळत आली, तिला वाटलं जॅक सुटला.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला गेलो आणि परत चढून आलो. पाचव्या गिअरात ऐंशीला इंजिन गुणगुणत होतं.

आता राहिलं परण्याचं. विठ्ठलरावांचा धाकटा मुंजाजी घोड्याला घाबरतो, त्याला गाडीच हवी होती. मी सरळ त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. विठ्ठलराव म्हणाले, गाडी आण, पण मागं आमचा ट्रॅक्टर राहील, दोर घेऊन. मला असा राग आला! मकसूदभाईंना येऊन सांगितलं तर ते मात्र हो म्हणाले, आणि वर म्हणाले की मी गाडीच्या पुढं चालणार, बंपरकडे पाठ करून.

परण्याच्या दिवशी चार वाजता निघालो. मुंजाजी मागच्या सीटवर फेटा सावरत, पुढं हलगी, आणि ट्रॅक्टरवर विठ्ठलराव स्वतः, मांडीवर दोराचं वेटोळं. नाचणाऱ्यांना मकसूदभाईंनी सांगून ठेवलं होतं की नाचा, पण पाय पुढं टाकत नाचा. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि दोन्ही पाय वर घेतले. गाडी चालायला लागली. धावली नाही, अडखळली नाही, चालली. बंपर आणि मकसूदभाई यांच्यात दोन हातांचं अंतर होतं, ते कमी होईना की वाढेना.

वेशीचा चढ आला. दोन्ही बाजूंनी लोक मोबाइल काढून तयार, आणि सगळ्यांत पुढं तानाजी. माझा पाय आपोआप क्लचकडे गेला. मकसूदभाईंनी मागं न बघता हात वर केला. मी पाय उचलला आणि लुगडं सावरून सीटवर चक्क मांडी घातली. खिडकीतून मी मांडी घालून बसलेली सगळ्या नेकनूरला दिसत होते. इंजिन जरा खर्जात गेलं आणि तीच चाल धरून चढ चढलं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी आलं. तानाजीनं मोबाइल खिशात घातला आणि तो नाचायला लागला.

मारुतीच्या पारापाशी येईपर्यंत विठ्ठलराव ट्रॅक्टरवरून उतरले होते. दोर तिथंच टाकून ते गाडीच्या बाजूनं चालत होते. म्हातारा माणूस, चढानं धाप लागलेली, म्हणून त्यांनी मागच्या मडगार्डवर हात टेकला.

"लई छान चालली, मकसूद मिस्त्री," ते म्हणाले.

मकसूदभाई वळले आणि त्या हाताकडे बघितलं.

"अण्णा, तेवढा हात काढा. लोकं म्हनतील, ढकलत आनली."

विठ्ठलरावांनी चटका बसल्यासारखा हात काढला आणि मारुतीपर्यंत पाठीमागं धरून ठेवला.