नव्वद अंशांवरचं भरीत

आधी एक कबूल करा, की हे इथंच राहील. धरणगावात माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान अजून चालू आहे आणि गिऱ्हाईक अजून मला सुपडूभाऊ म्हणून मान देतं. तर ऐका, मी एकदा भर खान्देशात बोट भलत्याच किनाऱ्याला कशी लावली. हो, बोटच. समुद्र आपल्याकडून कुठल्या कुठे लांब, पण माणसाच्या नशिबात फजिती असली की पाणी कुठंही सापडतं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा माझं लग्न जमत नव्हतं. शिक्षण आयटीआय, दुकान स्वतःचं, व्यसन सुपारीचंसुद्धा नाही. तरी दोन घरांतून नकार आला. कारण काय, तर पोरगा दिवसभर लोकांच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, चढलेला असतो. आता अँटिना धाब्यावर असतो तर मी काय माजघरात चढू?

अशात पारोळ्याच्या पलीकडच्या एका धरणावरून आबांचा निरोप आला. आबा म्हणजे तिथल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, आमच्या वडिलांचे जुने स्नेही. सोसायटीला सरकारकडून मोटारबोट मिळाली होती आणि तिच्याबरोबर खोकी भरून यंत्रं. धरणात कुठं किती पाणी, कुठं किती मासे, हे बोटीनं सरळ रेषेत फिरून मोजायचं, असं ते काम होतं. यंत्रं बसवणारा मुंबईचा माणूस महिना झाला तरी उगवला नव्हता.

मी जाऊन खोकी उघडली. तीन वस्तू निघाल्या. एक पाण्याखालचे मासे दाखवणारा पडदा. एक बोट आपोआप वळवणारं यंत्र, म्हणजे आकडा दाबला की सुकाणूचं चाक स्वतःच फिरणार. आणि तिसरा नारळाएवढा काळा डबा, बोटीचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते या दोघांना कळवणारा.

मी म्हणालो, "आबा, मी टीव्ही मेकॅनिक. हे काम माझं नाही."

आबांनी पडद्याकडं बोट दाखवलं. "यामा मासा दिसतस ना?"

"दिसतात."

"मंग हाऊ टीवीच शे. कर."

मी तरी निघालोच असतो. पण आबांनी हळूच दुसरी गोष्ट काढली. पाण्याच्या उगवतीच्या किनाऱ्यावरचं जे गाव, तिथले नाना म्हणून एक शेतकरी, त्यांची मुलगी लग्नाची. नाना आज पारोळ्याच्या बाजाराला आलेत, रात्री आबांकडं मुक्काम. सकाळी त्यांना याच बोटीतून घरी सोडायचं, तिथंच मुलगी बघायची आणि जेवून यायचं. भरीत-पुरीचा बेत ठरलेला. आबा म्हणाले, "नानासमोर मशीन चालाडी दाखाड. मंग धाब्यानं कोनी नाव काढाव नई."

म्हणजे बघा, बोट नीट चालली तर लग्न, नाही तर पुन्हा धाबं. मी पान्हा उचलला.

सोबत इंग्रजी पुस्तक होतं. आता पुस्तक वाचणारा तो मेकॅनिक कसला? आम्ही चित्रं बघतो. एका चित्रात लोहचुंबकावर फुली मारलेली. लगेच कळलं, डब्याजवळ लोखंड नको. म्हणून मी पितळी स्क्रू आणवले. मग वायरी जोडल्या. पहिल्यांदा डब्याची बोलायची वायर पडद्याच्या बोलायच्या वायरीला जोडली. लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडचे मामा एकदम बोलायला लागले की जे होतं ते झालं, कोणाला काही कळेना. मग एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानाला लावलं, त्यातूनच एक फाटा चाक फिरवणाऱ्या यंत्राला दिला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात दिशेचा आकडा उमटला. आबांनी पाठ थोपटली. खरं सांगतो, तेव्हा मलाही वाटलं की मुंबईचा माणूस नाही आला तेच बरं झालं.

राहिला तो डबा पक्का बसवायचा. त्याच्यावर एक पांढरा बाण होता. चित्रात बोटीचं तोंड कागदाच्या वरच्या बाजूला आणि बाणाचं टोकही वरच्या बाजूला. आता चौथीत भूगोल आपण सगळेच शिकलो. नकाशात वरची बाजू म्हणजे कोणती? उत्तर. म्हणजे बाण उत्तरेला लावायचा. त्यात काय अवघड? जन्मभर मी दुसरं काय करत आलो होतो? अँटिना टॉवरच्या दिशेला धरायचा, खालून पोरं "दिसलं, दिसलं" ओरडली की नट आवळायचा. धरणगावातले सगळे अँटिने एका दिशेला तोंड करून उभे होते ते माझ्याच हातचे.

उत्तर शोधायला वेळ लागला नाही. काठावर दक्षिणमुखी मारुती होता. त्याची पाठ ती उत्तर. बोट बांधलेली होती पाण्याकडे, म्हणजे उगवतीकडे तोंड करून. मी डबा फिरवला, बाण मारुतीच्या पाठीमागच्या दिशेला नेमका धरला आणि पितळी स्क्रू असे आवळले की हत्तीनं ओढले तरी निघू नयेत.

तुमच्यापैकी जे हसायला लागले त्यांना कळलं. ज्यांना नाही कळलं त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

सकाळी मी नवा सफारी घालून आलो. नाना उंच, पांढरी टोपी, कपाळावर आठी. बोटीत पाय ठेवणार तोच माझं लक्ष त्यांच्या बोटाकडं गेलं. घोड्याच्या नालेची अंगठी होती.

"नाना, ती काढावी लागेल. लोखंड आहे."

"ही शनीनी शे. साडेसाती चालू शे मनी."

"यंत्राला चालत नाही."

होणाऱ्या सासऱ्याला पहिलं वाक्य मी हे बोललो. आबांनी मध्ये पडून समजूत घातली. नानांनी अंगठी काढून मारुतीच्या पायाशी ठेवली, हात जोडले आणि माझ्याकडं न बघता येऊन बसले.

आबांनी इंजिन सुरू केलं, बोट काठापासून आत नेली. मी ऐटीत सांगितलं, "आता चाकाला कोणी हात लावायचा नाही." पूर्व म्हणजे नव्वद अंश. नव्वद दाबलं. चाक आपलं आपण गरगर फिरलं. नाना चक्क सरकून बसले, मग त्यांनी चाकाला नमस्कार केला. मी मनातल्या मनात मुंडावळ्या बांधून मोकळा झालो.

बोट उजवीकडे वळली. अंमळ जास्तच वळली. समोरचं गाव हळूहळू डाव्या हाताला गेलं.

"आबा," नाना म्हणाले, "नाव कोठे जाई राहिनी?"

आबा मध्यस्थ माणूस. मुलाची बाजू सावरणं त्यांचं काम. ते म्हणाले, "खाले जुनं गाव बुडेल शे ना, तेले वळसा घाली राहिनी. मशीनले समजस."

मला हे सुचलंच नव्हतं. मी जोरात मान हलवली.

थोडं पाणी मागं पडलं. नानांनी डाव्या कानावर हात ठेवला. "आपुन उगवतीले जाई राहिनूत ना? मंग सकायनं ऊन डावा कानवर कसं?"

"नाना, थंडीत सूर्य सरकतो," मी म्हणालो. तो कुठून कुठं सरकतो हे त्यांनी विचारलं नाही, आणि बरं झालं.

पण शंका मलाही आली होती. मला वाटलं, कुठंतरी लोखंड राहिलं. मी आबांच्या कमरेच्या किल्ल्या काढायला लावल्या. नानांची छत्री मागच्या टोकाला नेऊन ठेवली. आबांच्या खिशातून अडकित्ता निघाला, तो छत्रीजवळ गेला. पडद्यावरचा आकडा तसूभर हलला नाही. नव्वद म्हणजे नव्वद. मग माझीच खात्री पटली. लोखंड हलवूनसुद्धा आकडा हलत नाही म्हणजे यंत्र सोळा आणे खरं. सूर्याचंच काहीतरी चुकत असणार.

"पडद्यावर नव्वद आहे ना? मग ही पूर्वच," मी ठणकावून सांगितलं.

नाना शांतपणे म्हणाले, "भरीतना वास तर मांगे राही गया."

त्यांचं लक्ष उडावं म्हणून मी पडद्यावरचे मासे दाखवायला घेतले. हे बघा ठिपके, हे लहान मासे. नाना वाकून बघायला लागले, आठी जरा कमी झाली. तेवढ्यात पडद्याच्या खालून एक जाड काळा पट्टा वर यायला लागला. हळूहळू वर, आणखी वर. असा मासा मी काय, आबांनीसुद्धा कधी पाहिला नव्हता.

"नाना, केवढा आहे बघा," मी म्हणालो, "बोटीएवढा."

नाना म्हणाले, "वर ई राहिना."

"आपल्याकडंच येतोय."

आला. आमच्या खाली आला आणि बोट जागच्या जागी थांबली. तो मासा नव्हता, धरणाचा तळ होता. पाणी ओसरून जिथं गाळ उघडा पडतो आणि लोक डांगर-टरबूज लावतात, त्या दक्षिणेच्या काठावर मी सासरेबुवांना नेऊन रुतवलं होतं.

वेलांत एक माणूस खुरपत होता. त्यानं उभं राहून आमच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "काय भो, टरबूज लेवाले उनात का?"

आम्ही टरबूज घ्यायला आलो असं त्याला वाटलं. नानांनी धोतर वर खोचलं, गुडघाभर चिखलात उतरले आणि काठावर जाऊन बसले. मला एवढंच म्हणाले, "शनीनी अंगठी उतारी तठेच चुकनं."

मी बोट ढकलायला उतरलो. सफारी कमरेपर्यंत गेला. ढकलता ढकलता नजर वर डब्याकडं गेली आणि तो पांढरा बाण दिसला. बोटीचं तोंड एकीकडं, बाण आडवा, काटकोनात. तिथं चिखलात उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. बाण उत्तरेला लावायचा नसतो, बोटीच्या नाकाला लावायचा असतो. उत्तर कुठं आहे ते शोधायचं काम डब्याचं, माझं नाही. अँटिना धाब्यावर जागचा हलत नाही. बोट हलते. एवढं चौथीतल्या पोरालाही समजलं असतं, त्याला भूगोल माझ्याइतका पक्का नसता तर.

लाजेनं मेल्यासारखं झालं. पण लपवणार कोणापासून? काठावर जाऊन नानांना सांगितलं, "नाना, अंगठीचा दोष नाही, शनीचा नाही. डबा मीच आडवा बसवला."

नानांनी ऐकून घेतलं. शेतमालकानं त्यांना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि ठेचा दिला होता, ती खात होते. "बरं," म्हणाले. "तुम्ही नावमा या. मी यस्टीवरी जास."

किती विनवलं, ते पुन्हा बोटीत बसायला तयार झाले नाहीत. सडकेपर्यंत चालत गेले.

मी, आबा आणि तो टरबूजवाला, अशा तिघांनी ढकलून बोट सोडवली. मी दोन स्क्रू सैल केले, डबा पाव वळसा फिरवला, बाण नाकासमोर धरला. आबांनी बोट हातानं चालवत मारुतीच्या काठासमोर परत आणली. नव्वद दाबलं. बोट सरळ, अगदी सुतात चालल्यासारखी नानांच्या गावाला जाऊन लागली. इतकं सुरेख काम, आणि बघायला नानाच नाहीत.

दारात मुलगी उभी होती. मला आपादमस्तक बघून ती आत गेली आणि पाण्याची बादली घेऊन आली. "आधी पाय धुवा," म्हणाली. मग जरा थांबून, "नाना कुठं आहेत?"

आता सांगा, मुलगी बघायला गेलेल्या माणसानं, तुझे वडील मी हरवले, हे कसं सांगायचं?

"येतायत," मी म्हणालो. "एसटीनं."

तिनं ओठ दाबून धरले आणि घाईघाईनं आत गेली. आतून बायकांचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं. वडील घरात नसताना मुलगी दाखवायची रीत नाही, म्हणून मी आणि आबा दिवसभर ओट्यावर बसून राहिलो. अंगावरचा चिखल वाळून पापुद्रे निघायला लागले. दिवेलागणीला नाना उतरले. भरीत गार झालेलं. सगळे तेच जेवले. मुलगी तेवढी वाढताना माझ्याकडं बघून एकदा हसली, पण ती कशाला हसली हे मला चांगलं माहीत होतं. तिसरं घर गेलं, असं धरून मी धरणगावला परतलो आणि निमूट धाब्यावर चढलो.

काही दिवसांनी आबा दुकानात आले. खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी हातातलं सोल्डरिंगचं काम बाजूला ठेवलं.

"नानांचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"मंजूर शे."

मला खरं वाटेना. "एवढं सगळं होऊन?"

"पोर म्हनस, चूक करीसन तोंडवर सांगनारा मानूस बरा. नाना बी कबूल शेत." आबा जरा घुटमळले. "फक्त त्यास्नी एक अट शे."

"हुंडा?"

"नई रे. वरात पान्यावरी आनानी नई, यस्टीवरी आनानी. आनि नवरदेवले डायवरना जवळ बसाडानं नई."

अट अक्षरशः पाळली गेली. पुढच्या सीटवर आबा बसले, आणि मी स्वतःच्या लग्नाला सर्वांत मागच्या सीटवर, दोन मावश्यांच्या मध्ये दाबून बसवलेला, वाट दिसणार नाही अशा बेतानं गेलो.