घर उठल्यावरचं वर्तुळ

सहा वर्षांची असताना झूराकान डोंगरातल्या सोनकुल तळ्याच्या कुरणावरून खाली येताना घोड्यावर उलटी बसली होती. आईने नमद्याचं, लोकरीच्या जाड थरांचं, घर उतरवून घोड्यांवर लादलं होतं. उन्हाळाभर ते जिथे उभं होतं तिथे गवतावर फिकट पिवळं वर्तुळ होतं, मधोमध चुलीचा काळा डाग. पुढच्या जूनमध्ये बघते तर नुसतं गवत. साठी उलटली तरी ती ते वर्तुळ शोधत होती.

मधली तीस वर्षं तिने शाळेत मुलांना सफरचंदं आणि घोडे काढायला शिकवलं. निवृत्त झाली आणि वर्तुळं काढायला लागली. रंगांत चुलीतली राख, कुरणावरची माती. जाऊ कलिपा म्हणायची, "तव्याच्या बुडाचं चित्र काढतेस होय गं? माझा तवाच टांग भिंतीला, आयता आहे."

गावच्या संस्कृतिभवनाच्या वर्धापनदिनाला तिचं एक चित्र लागणार होतं. आयुष्यात पहिलंच. भवनाचा प्रमुख तेमिरकुल, तिचाच जुना विद्यार्थी, न्यायला आला. तिला तो अजून 'एजे', म्हणजे ताई, म्हणायचा.

"एजे, छान आहे. पण यात घर कुठाय?"

"उठलं."

"वरून पाहुणे येणार. त्यांना डाग दाखवू? एवढंसं घर काढा. घोडाही चालेल."

"घोडे पुष्कळ काढले. आहे तसं लावणार असशील तर ने."

"आहे तसं," म्हणत त्याने चित्र नेलं.

उद्घाटनाला ती पोचली तेव्हा दालन भरलेलं. तिच्या वर्तुळात पांढरंशुभ्र घर उभं होतं, लाल दारासकट. तैलरंग अजून ओला.

"किती शोभतंय बघा!" तेमिरकुल कुजबुजला. "खाली सही तुमचीच ठेवलीय."

झूराकानने डोक्याचा रुमाल सोडला आणि पुढे झाली.

"एजे, काय करताय? लोक बघतायत!"

"बघू देत. घर उतरवायचं काम आपल्यात बायकांचंच. तू तोवर घोडे धर."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिने दारावर रुमाल घासला, तोच बाजूला कलिपा येऊन उभी राहिली, हातात स्वतःचा रुमाल.

"आधी छत उतरवतात, मग दार. इतक्यात विसरलीस?"

दोघींनी मिळून घर उतरवलं. खालची राख-माती घट्ट वाळलेली, ती हलली नाही. वर्तुळावर पांढुरका, लालसर डाग तेवढा पसरला. पाहुणे चहाचे पेले घेऊन जवळ सरकले.

"आता यात काय उरलं, एजे?" तेमिरकुल रडवेला झाला.

"उरतं तेवढंच," रंगलेला रुमाल पुन्हा डोक्याला बांधत झूराकान म्हणाली. "चौकट सरळ कर, डावीकडे कललीय."