आई, वरण

इंग्रजी मला तेव्हा पिंपावरची चिठ्ठी वाचण्यापुरतं येत होतं. तेवढं यावंच लागायचं, कारण आत काय भरलं होतं ते न कळता कुणी त्याच पिंपात पाणी साठवलं तर घर आडवं होईल. नव्वदीच्या सुरुवातीला मी रोह्याच्या केमिकल कंपन्यांतून रिकामी पिंपं उचलायचो आणि पेणला रामवाडीत, हायवेलगतच्या माझ्या शेडमध्ये धुऊन विकायचो. टेम्पो माझा, शेड माझी, त्यात कुणाच्या बापाचा एक खिळा नव्हता. भाव पाडण्यात माझा हात कुणी धरला नाही. भडकण्यातही नाही.

एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्या क्वार्टरमधली रद्दी मी घेतली. तळाशी खोकंभर कॅसेटी निघाल्या. वेष्टनांवर कवट्या, साखळ्या, आगीचे लोळ. विकायच्या आधी चालतात का बघावं म्हणून एक टेम्पोच्या टेपमध्ये घातली. नागोठणं येईपर्यंत मी गाडी दोनदा बाजूला घेतली. पहिल्यांदा वाटलं, इंजिन बसलं. दुसऱ्यांदा इंजिनाचा काही दोष नाही हे कळलं होतं, तरी थांबलो. ट्रकवरून रिकामं पिंप खाली फेकलं की जो आवाज होतो, तो कुणीतरी तालात बसवला होता. दिवसभर गेटवर, वजनकाट्यावर, साहेबांच्या केबिनबाहेर मी जो राग गिळायचो तो कुणीतरी परदेशात बसून माझ्यासाठी मोकळा सोडला होता. त्या कॅसेटी मी विकल्या नाहीत.

ह्याला हेवी मेटल म्हणतात, हे मला दुसऱ्या एका साहेबाच्या मुलाने सांगितलं. तो मुंबईला इंजिनिअरिंगला होता आणि रविवारी रोह्याला घरी यायचा. कंपनीच्या गेटवर माझ्या टेम्पोतला आवाज ऐकून तो धावत आला, आधी टेम्पोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "ही तुझी कॅसेट?" तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं. पण दर रविवारी दुपारी मी त्याच्या खोलीवर जाऊ लागलो. तिथे मोठा डेक होता. तिसरा एक कंपनीतला ऑपरेटर, नाइट शिफ्ट करून डोळे लाल करून यायचा. त्याला फक्त वेगवान गाणी चालायची, नाहीतर तो झोपायचा. साहेबाच्या मुलाला अवघड गिटार लागायची. कुठल्या गाण्यात कितव्या मिनिटाला काय होतं ते त्याला पाठ. मला संथ, जड गाणी आवडायची, चढावर लोड घेऊन पहिल्या गिअरमध्ये चाललेल्या ट्रकसारखी. आम्ही तासन्‌तास भांडायचो. ते दिवस चांगले होते, हे मी नाकारत नाही.

एका रविवारी माझं आवडतं गाणं लागलं आणि मी डोळे मिटून मोठ्याने म्हणू लागलो. साहेबाच्या मुलाने टेप थांबवला.

"काय म्हणालास?"

"गाणं म्हणतोय."

"नाही, परत म्हण."

मी परत म्हटलं. "आई, वरण."

ऑपरेटर लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिला आणि मग पलंगावरून खाली घसरला.

"अरे, आय वॉर्न यू," साहेबाचा मुलगा म्हणाला. "तो इशारा देतोय. जेवायला नाही बसलाय."

इथवर मीही हसलो असतो. पण तो पुढे म्हणाला, "शब्दच कळत नाहीत, तर तू ऐकतोस तरी काय?"

मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दार आपटून निघालो. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या गेटवरचा वॉचमन रजिस्टर पुढे करत म्हणाला, "या वरणवाले, सही करा." म्हणजे गेटपर्यंत पोचलं होतं. दोन वर्षं रोह्यात मी वरणवाला होतो.

मी काय ऐकतो ते साहेबाच्या मुलाला त्या दिवशी सांगता आलं नाही. नंतर टेम्पोत एकटा असताना शंभर वेळा सांगितलं. ते 'आई, वरण'वालं गाणं लागलं की मला निडीच्या स्टेशनाजवळ पंक्चर झालेला टेम्पो दिसतो, कापलेली भातखाचरं दिसतात, आणि चाक आवळताना समजतं की आज पहिल्यांदा माझी गाडी काठोकाठ भरलेली आहे. एका संथ गाण्यात खाडीकडची मिठागरं आहेत, डोळे दिपवणारे पांढरे ढीग आणि एकही झाड नाही. एकात पिंप धुताना सोललेले माझे हात आहेत. शब्द त्याला येत असतील. ह्यातलं काही त्याला येत नव्हतं.

मग माझं लग्न ठरलं. मुलगी नदीपलीकडच्या अष्टमी गावची. म्हणजे वरात रोह्यातल्या मारुतीपासून निघून कुंडलिकेच्या पुलावरून अष्टमीला जाणार, आणि अख्खं रोहा बघणार. त्या रात्री मी झोपलो नाही असं नाही, पण उशिरा झोपलो. सकाळी उठलो तेव्हा ठरलं होतं. ते गाणं वरातीत वाजवायचं, आणि साहेबाच्या मुलाने ते ऐकायचं.

आमच्याकडे वरातीला बेंजो लागतो. चपटी पेटी, तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, आणि आवाज मोठ्या स्पीकरमधून. खाडीकाठच्या एका गावात हळदीला मी एक बेंजो पार्टी ऐकली होती. त्यांच्या स्पीकरचा पडदा फाटलेला होता. प्रत्येक सूर खरखरत, चिरकत, दात ओठ खात बाहेर यायचा. माझ्या कॅसेटीतली गिटार अशीच वाजायची.

बेंजो मास्टर मिठागरात कामाला होता. त्याला गाठलं आणि, सवयीने, तोंड वाकडं केलं.

"आवाज फाटकाय तुझा."

"व्हय शेट, पडदा गेलाय."

"मग पूर्ण पैसे कशाचे मागतोस? फाटक्याचा भाव सांग."

त्याचा चेहरा पडला, भावही पडला. मी मनातून खूश. एखाद्याला सोनं पितळ म्हणून विकायला लावावं, तसा सौदा. मग टेप घेऊन दोन दुपारी त्याच्याकडे गेलो. मिठागराच्या बांधावर बसून त्याने गाणं चार वेळा ऐकलं.

"ह्यो तर आपला हळदीचाच ठेका हाय," तो म्हणाला. "निसता रागावलेला. गातोय काय तो?"

"आई, वरण."

"भूक लागली असंल," मास्टर म्हणाला, आणि बटणांवर बोटं टाकली. दुसऱ्या दुपारी त्याची पोरं ढोल बडवत "आई, वरण" ओरडत होती.

साहेबाच्या मुलाला पत्रिका मी स्वतः नेऊन दिली. त्याला तोवर मुंबईत नोकरी लागली होती. "अरे वा, वरण आहे ना जेवणात?" तो म्हणाला. मी म्हटलं, "ये तर खरा."

लग्नाच्या दिवशी उन्हं उतरायच्या सुमाराला मी उघड्या जीपमध्ये बसलो. कपाळाला मुंडावळ्या, हातात कट्यार. आमच्यात हळद लागली की नवरदेवाला कट्यार देतात, नजर लागू नये म्हणून. लग्न लागेपर्यंत ती सोडायची नाही. मागे वऱ्हाड, पुढे माझाच टेम्पो, त्यावर स्पीकर आणि बेंजो. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी जीपमध्ये उभाच राहिलो. आवाज गोड होता. धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ. आरतीला चालला असता.

मास्टर टेम्पोवरून माझ्याकडे बघून हसत होता. "नवा पडदा घातला, शेट," तो ओरडला. "तुमी बोल्लात ते लागलं मला."

पुलाचं तोंड शंभर पावलांवर होतं. साहेबाचा मुलगा टाय लावून वऱ्हाडात चालत होता, ऑपरेटरही होता. मी जीपमधून उडी मारली. मागून मामा ओरडले, "अरे, नवरदेवानं खाली उतरायचं नसतं." मी कट्यार घेऊन टेम्पोवर चढलो तेव्हा ढोलवाली पोरं पलीकडून खाली उतरली.

"शेट, काय चुकलं माझं?" मास्टर पेटी छातीशी धरून म्हणाला.

मी स्पीकरची जाळी ओढली आणि नव्या पडद्यावर कट्यारीने तीन चिरा मारल्या.

मास्टरने वाकून चिरांवर बोट फिरवलं. "नवा व्हता," तो म्हणाला.

"पडद्याचे देतो. तुझे जे पाडले तेही देतो. वाजव."

"फाटका पायजे व्हता तर आधी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू जास्त मागितले असतेस."

त्याने जरा विचार केला. "व्हय," म्हणाला, आणि वाजवायला बसला. आयुष्यात घासाघीस न करता मी दिलेले पैसे ते एवढेच. मी परत जीपमध्ये येऊन बसलो.

पहिलाच सूर असा निघाला की पुलाच्या कठड्यावरचे बगळे उडाले. संथ, जड, पहिल्या गिअरमध्ये. मग ढोल पडला. पेणहून आलेली माझ्या नात्यातली, मिठागरात राबणारी माणसं दोन क्षण थबकली आणि मग त्यांच्या पायांना ठेका सापडला. बायका पदर खोचून आत शिरल्या. मामा, जे मला खाली उतरू नको म्हणत होते, ते हात वर करून गोल फिरत होते. ऑपरेटर मान अशी हलवत होता की मला त्याच्या मानेची काळजी वाटली. मास्टरने बटणांवरून हात उचलला आणि सगळी पोरं ओरडली, "आई, वरण!" दुसऱ्या फेरीला अख्खं वऱ्हाड. तिसऱ्या फेरीला अष्टमीच्या टोकाला आमची वाट बघत उभी असलेली मुलीकडची माणसंही.

साहेबाचा मुलगा जीपला खेटून उभा राहिला. चेहरा पांढरा.

"हे तेच गाणं आहे," तो म्हणाला.

"आहे."

"शब्द चुकीचे आहेत."

"मग तू बरोबर म्हण. बघू कोण ऐकतंय."

त्याने पुढच्या फेरीची वाट बघितली. तोंड उघडलं. आजूबाजूला दोनशे माणसं एकच ओरडत होती. मी त्याच्या ओठांकडेच बघत होतो. "आई, वरण," तो ओरडला. टाय खांद्यावर, डोळे मिटलेले. त्यानंतर पूल संपेपर्यंत तो थांबला नाही.

लग्न लागलं, पंगत बसली. आम्ही दोघं नवरा-नवरी आग्रह करत फिरत होतो, रीतीप्रमाणे जिलबी घेऊन. साहेबाचा मुलगा तिसऱ्या ओळीत बसला होता, ओरडून घसा बसलेला. त्याने माफी मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही, आणि मी विसरलेलो नाही. मी जिलबीचं ताट बायकोच्या हातात दिलं आणि वाढप्याकडून वरणाची बादली घेतली.

"अहो, हे काय?" ती म्हणाली. लग्नानंतरचं तिचं मला पहिलं वाक्य.

मी त्याच्या भातावर एक डाव घातला. ओळीतली पोरं ओरडली, "आई, वरण!" दुसरा घातला. तो हसत पानावर हात आडवा धरून म्हणाला, "पुरे रे, पुरे."

मी त्याचा हात बाजूला केला आणि आणखी एक घातला.